अवतार ढगच राहतोय? कॅशे साफ करायच्या आधी हे बघा

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात आपला अवतार, म्हणजे आपली तिथली आकृती, लोड होत नसला आणि नुसता ढग दिसत असला की कोणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं, कॅशे साफ कर. त्याने नाही झालं तर व्ह्यूअर, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून आपण तिथे जातो तो, काढून परत टाक. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही उपाय सगळ्यात शेवटचे आहेत आणि बऱ्याचदा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही. उलट कॅशे पुसली की जे काही आधी हळूहळू का होईना उतरून तुमच्या मशीनवर बसलेलं असतं ते सगळं जातं आणि परत पहिल्यापासून नेटवरून ओढत आणावं लागतं, म्हणजे ज्याचं नेट आधीच रडतंय त्याच्यावर अजून ओझं. मग तो माणूस म्हणतो की आता तर पहिल्यापेक्षा वाईट झालं, आणि सोडून देतो.

मी तिथे बरीच वर्षं आहे, थोडेफार कपडे बनवते, आणि आपल्याकडचे नवीन लोक अडकले की कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं. त्यात सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि मला हा प्रश्न छोटा वाटत नाही, कारण नवीन माणूस पहिल्या दिवशी उत्साहाने आत येतो, चारचौघांत उभा राहतो आणि स्वतःला दिसतो काय तर धुराचा ढग. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय, आपला लॅपटॉप बेकार आहे, हे आपल्यासाठी नाही. असे लोक परत येत नाहीत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा, बाकी काही करायचं नाही. ढग कोणाला दिसतोय? फक्त तुम्हाला, का बाजूला उभ्या असलेल्यांनाही? शेजारच्याला सरळ मेसेज करा की मी तुला कशी दिसतेय. त्याला तुम्ही व्यवस्थित दिसत असाल तर तुमचा अवतार ठणठणीत आहे, तो फक्त तुमच्या मशीनपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे भानगड नेटची, वायफायची किंवा व्ह्यूअरची. त्यालाही ढगच दिसत असेल तर मग अवतार सर्व्हरवर तयारच झालेला नाही, तिथे तुमचं वायफाय बदलून काडीचा फरक पडणार नाही, तिथे इन्व्हेंटरीत, म्हणजे तुमच्या तिथल्या सामानाच्या कपाटात, शिरावं लागतं. आणि तुम्ही स्वतःला नीट दिसताय पण बाकीचे सगळे ढग किंवा राखाडी, तर एक तर तुमचं नेट किंवा त्या जागी गर्दीच इतकी आहे की थोडं थांबायला हवं. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं आणि तरी हा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळे थेट कॅशेवर.

आता हे आत चालतं कसं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचे उपाय डोक्यावरून जातील. अवतारात चार गोष्टी असाव्याच लागतात, शेप, स्किन, केस आणि डोळे. केस म्हणजे तुम्ही विकत घेतलेले मेशचे, म्हणजे वेगळं थ्रीडी मॉडेल म्हणून बनवलेले, केस नाही, तो जुना सिस्टिमचा, म्हणजे सेकंड लाइफचा स्वतःचा, हेअर बेस, टकलू असला तरी चालतो पण हवा. या चारातलं एक जरी गायब असलं तरी अवतार उभाच राहत नाही. तुम्ही जे जे घातलंय त्याच्या लिंक करंट आउटफिट नावाच्या एका फोल्डरमधे असतात, वाण्याला दिलेल्या यादीसारखं. सर्व्हर ती यादी वाचतो, स्किन, टॅटू, कपड्यांचे लेयर असं सगळं एकावर एक चढवून त्याचं एक सपाट चित्र बनवतो, त्याला बेक म्हणतात, आणि ते चित्र तुम्हाला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना पाठवतो. यादीतली एखादी वस्तूच सापडत नसेल तर बेक अडकतं आणि तुम्ही ढग.

हे सर्व्हरवर बेक करायचं काम २०१३ पासून सुरू झालं. त्याआधी, म्हणजे २००३ ला सेकंड लाइफ सुरू झाल्यापासून, हे चित्र तुमचाच कॉम्प्युटर बनवायचा आणि वर अपलोड करायचा. म्हणून जुने लेख आणि व्हिडिओ बघताना तारीख बघा. त्यात रीबेक, अपलोड वगैरेबद्दल जे लिहिलंय ते त्या काळचं आहे आणि आता लागू नाही. अगदी सुरुवातीच्या काळात तर अवतार लोड नाही झाला की ढगाऐवजी एक ठरावीक बाईचा अवतार दिसायचा, त्याला रूथ म्हणायचे, पुरुष असला तरी रूथच, जुने लोक अजूनही रूथ झाले म्हणतात. मग २०१९ मधे बेक्स ऑन मेश आलं आणि तेच सर्व्हरवर बनलेलं चित्र मेश बॉडीवरही चढायला लागलं. त्यामुळे आता बेक अडकलं की मेश बॉडी घातलेल्यांनाही त्याचा फटका बसतो, नुसत्या सिस्टिम अवतारवाल्यांना नाही.

आता माझ्या मावशीचं सांगते कारण आपल्याकडे जो प्रकार सगळ्यात जास्त होतो तो तिच्याकडे अगदी स्वच्छ बघायला मिळाला. मावशी पंचवटीत जुन्या वाड्यात राहते, शाळेत शिकवायची, आता रिटायर, गुडघे दुखतात म्हणून फार बाहेर पडत नाही. तिला मीच सेकंड लाइफ दाखवलं आणि ती तिथे इतकी रमली की तिचा आता स्वतःचा ग्रुप आहे, नाचाचा. तिकडची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वेळेने, शनिवार संध्याकाळची सातची पार्टी म्हणजे उन्हाळ्यात आपली रविवार सकाळची साडेसात, त्यामुळे रामकुंडावर लोकांची गर्दी व्हायला लागलेली असते आणि मावशी चहाचा कप घेऊन नाचायला बसलेली असते. तर तिचा फोन आला, "अगं, मी आज परत ढग, सगळे नाचतायत आणि मी नुसती तरंगतेय." मी म्हणलं तुला एकटीला ढग दिसतेस का सगळ्यांना, विचार कोणाला तरी. थांब म्हणाली, टाइप केलं, आणि मग म्हणते, "ती म्हणतेय तू छान दिसतेयस, निळ्या साडीत." झालं, म्हणजे अवतार शाबूत, बिघाड वाड्यात.

तिच्याकडे नेटवाल्याचा माणूस आधीच येऊन गेला होता, त्याने राउटरच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवली, बघा काकू फुल स्पीड आहे. आणि तो खोटं बोलत नव्हता, स्पीड होताच. पण सेकंड लाइफला नुसता स्पीड पुरत नाही, जे पाठवलं ते न गळता पोचावं लागतं. मी तिला कंट्रोल-शिफ्ट-१ दाबायला सांगितलं, त्याने स्टॅटिस्टिक्सची पट्टी उघडते, त्यात पॅकेट लॉस (वाटेत किती माहिती गळली) आणि पिंग सिम (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागला) अशा ओळी असतात. पिंग आपल्याकडे जास्तच असणार, कारण २०२० च्या अखेरीपासून सगळे रिजन, म्हणजे तिथल्या जमिनीचे तुकडे, अमेझॉनच्या क्लाउडवर अमेरिकेत ओरेगॉनला आहेत, नाशिकहून तिथे जाऊन यायला पाव सेकंड तरी जातोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पॅकेट लॉस शून्याच्या आसपास पाहिजे, आणि तिचा मिनिटामिनिटाला सहा टक्के, आठ टक्के असा उड्या मारत होता. अवतार कोण, कुठे उभा, काय घातलंय ही सगळी माहिती व्ह्यूअरकडे यूडीपी नावाच्या पद्धतीने येते, आणि यूडीपीत वाटेत गळलेलं पाकीट आपोआप परत मिळतंच असं नसतं. ब्राउझर, यूट्यूब यांना हे जाणवत नाही कारण ते गळलेलं परत मागून घेतात आणि पुढचं आधीच भरून ठेवतात, म्हणून मावशी म्हणत होती की बाकी सगळं तर चालतंय.

राउटर खाली पुढच्या खोलीत आणि तिचा कॉम्प्युटर वर माडीवर, मधे वाड्याच्या हातभर जाड भिंती. त्या भिंतींतून वायफाय पोचतं, दोन काड्या दिसतातही, पण वाटेत गळतं. मग दुपारी एमजी रोडवरून लांब लॅन केबल घेतली, जिन्याच्या कडेने क्लिपा मारत वर नेली आणि मशीनला लावली. परत लॉगिन. पॅकेट लॉस शून्य. आणि मग जे दिसलं ते मला बघायला नेहमी आवडतं, आधी नुसती राखाडी आकृती उभी राहिली, मग त्वचेचा रंग आला पण पुसट, मग साडी आली पण नुसता निळा पट्टा, मग निऱ्या वेगळ्या दिसायला लागल्या आणि शेवटी काठाची जर उमटली. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, जेपेग-२००० नावाच्या फॉरमॅटमधे असतात म्हणून ती अशी पुसटकडून ठळककडे येतात, व्ह्यूअर थोडा भाग मिळाला की तेवढ्यावर दाखवायला सुरुवात करतो. म्हणून अवतार पुसट किंवा राखाडी दिसतोय म्हणजे बिघडलाय असं लगेच धरू नका, तो येतोय, त्याला वेळ द्या, आणि त्या वेळात उगाच टेलिपोर्ट मारत फिरू नका.

तर आपल्याकडे पहिला संशय वायफायवर घ्या. वाड्यात राहत असाल तर नक्कीच, पण सिडकोतल्या नाहीतर इंदिरानगरच्या फ्लॅटमधेही राउटर हॉलमधे टीव्हीमागे आणि तुम्ही आतल्या बेडरूमला असाल तर तोच प्रकार. लॅन केबल लावून बघायला फार खर्च नाही. केबल लावूनही लॉस राहिला तर तो बाहेरच्या लाइनचा, मग रस्ता खोदलाय का, खांबावरचा जोड भिजलाय का हे नेटवाल्याला विचारा आणि त्याला स्पीडचं नाही, पॅकेट लॉसचं सांगा, नाहीतर तो परत स्पीड टेस्टच दाखवेल. लाइट जाऊन आली की राउटर एकदा बंद करून, जरा थांबून, परत चालू करा. हॉस्टेलच्या आणि ऑफिसच्या नेटवर यूडीपी बंद ठेवलेलं असू शकतं, तिथे तुम्ही काहीही केलं तरी होणार नाही, मोबाइल हॉटस्पॉट लावून एकदा खात्री करा. व्हीपीएन असेल तर बंद.

याच्याशीच जोडलेली अजून एक गोष्ट, प्रेफरन्सेसमधे नेटवर्कखाली बँडविड्थची पट्टी असते. फायबर घेतलं, शंभर एमबीचं आहे, मग ती पट्टी शेवटपर्यंत का नको ओढू, असं प्रत्येकाला वाटतं. ती पट्टी फक्त यूडीपीसाठी आहे. टेक्श्चर आणि मेश आता एचटीटीपीने, म्हणजे वेबपेज येतं त्याच पद्धतीने, येतात, त्यांना त्या पट्टीचं काही देणंघेणं नाही. ती १५०० च्या वर नेऊ नका, नेट कच्चं असेल तर ५०० ला आणा. पट्टी खाली आणल्यावर अवतार लवकर आला असं झालं की लोकांना पटत नाही, पण होतं.

आता दुसरी बाजू, ढग सगळ्यांनाच दिसतोय. आधी ग्रिडचं, म्हणजे सेकंड लाइफच्या सगळ्या सर्व्हरचं, स्टेटस पेज बघून घ्या, मंगळवार-बुधवारी रिजन रीस्टार्ट होत असतात आणि कधी कधी बेकची सर्व्हिसच आजारी असते, तेव्हा तुमच्या हातात काही नाही, शांत बसायचं. स्टेटस नीट असेल तर कंट्रोल-ऑल्ट-आर दाबा, यात सर्व्हरला परत बेक कर म्हणून सांगितलं जातं. एकदा दाबा आणि थांबा, दर दोन सेकंदाला दाबत बसलात तर दरवेळी काम पहिल्यापासून सुरू होतं.

त्याने नाही झालं तर इन्व्हेंटरी उघडा आणि वरचा आकडा बघा, तो वाढतोय का थांबलाय. वाढत असेल तर तुमचं सामान अजून उतरतंय आणि यादीतल्या वस्तू सापडत नसण्याचं कारण तेच असू शकतं. शोधायच्या चौकटीत एखादं अक्षर टाइप केलं की उतरायला लागतं, आकडा स्थिर होईपर्यंत कुठे जाऊ नका, गर्दीच्या क्लबमधे तर नाहीच. लॉगिन करतानाच एखादी शांत जागा निवडा, फायरस्टॉर्म नावाचा व्ह्यूअर वापरणारे लोक यासाठी पूली नावाचं रिजन सांगतात, लॉगिनच्या चौकटीत ठिकाण म्हणून ते नाव टाकलं की थेट तिथे उतरता येतं.

तरीही ढग असेल तर लायब्ररीतला तयार अवतार घाला. हा उपाय मी सगळ्यात जास्त वापरते आणि मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो. इन्व्हेंटरीत खाली लायब्ररी म्हणून फोल्डर असतं, त्यात क्लोदिंग, त्यात इनिशियल आउटफिट्स. कुठलाही एक घ्या, राइट क्लिक करून रिप्लेस आउटफिट. दिसायला आवडणार नाही, पण त्याने यादी पूर्ण नवीन होते आणि त्यात ते चारही भाग नक्की असतात. ढग गेला? मग आता आपलं सामान एकेक करून चढवा, आधी शेप, मग स्किन, मग डोळे, मग बॉडी, मग कपडे, आणि प्रत्येक वस्तूनंतर जरा थांबा. ज्या वस्तूनंतर परत ढग होईल ती गुन्हेगार. सगळा आउटफिट एकदम घातला तर तीच तुटकी लिंक परत यादीत येते आणि आपण होतो तिथेच. ज्यांनी जुने आउटफिट सेव्ह करून ठेवलेत आणि मधे इन्व्हेंटरी साफ करताना मूळ वस्तू डिलीट केल्यात त्यांच्याकडे हे फार होतं, आउटफिटमधली लिंक राहते आणि वस्तू नसते. सेव्ह केलेले आउटफिट उघडून बघा, तुटलेल्या लिंक असतील तर काढून टाका.

लायब्ररीचा अवतारही उभा राहिला नाही तर डेव्हलप मेनूतून कॅरेक्टर टेस्ट आहे, कंट्रोल-ऑल्ट-क्यूने तो मेनू दिसायला लागतो, त्यातल्या टेस्ट फीमेल किंवा टेस्ट मेलने अंगावरचं सगळं जातं आणि साधा अवतार येतो. आपला आउटफिट आधी सेव्ह आहे याची खात्री करूनच हे करा.

ढगाच्या नावाखाली दोन वेगळ्याच तक्रारी येतात त्याही सांगून ठेवते. एक म्हणजे डोकं दिसतंय, कपडे दिसतायत आणि मधलं अंगच गायब. हे लोडिंग नाही, हा अल्फा लेयर. जुन्या मेश बॉडीसोबत सिस्टिमचं अंग लपवायला पूर्ण अल्फा घालायचे, तो अंगावर राहिला आणि नवीन बेक्स ऑन मेशवाली बॉडी घातली की ती पण गायब होते. काय काय घातलंय ते बघा, अल्फा सापडेल, काढून टाका, क्षणात अंग परत. दुसरी तक्रार, मैत्रिणीला मी एकाच रंगाचा पुतळा दिसते. ते तिच्या ग्राफिक्स सेटिंगमुळे, तिने अवतार कॉम्प्लेक्सिटीची (अवतार दाखवताना मशीनवर किती ओझं पडतं त्या आकड्याची) मर्यादा कमी ठेवलेली असते आणि तुमचे केस, दागिने, बूट मिळून तुम्ही त्याच्या वर जाता. तिला मर्यादा वाढवायला सांगण्याआधी तुम्ही स्वतःचा आकडा बघा, इथे मी जरा कडक आहे, कारण आपल्याकडे खूप जण साध्या लॅपटॉपवर आहेत आणि एका हाराच्या प्रत्येक मण्यासाठी समोरच्याचं मशीन का गुदमरवायचं. मी स्वतः कपडे बनवताना हा आकडा कमी ठेवायला जास्त वेळ देते आणि घेणाऱ्यांनीही विकत घेण्याआधी डेमो घालून तो बघावा असं मला मनापासून वाटतं.

आता राहिली कॅशे. अवतार रोज एकाच जागी अडकतोय, बाकी सगळं करून झालं, किंवा टेक्श्चर इंद्रधनुष्यासारखी भलत्याच रंगाची दिसतायत, तर कॅशे खरंच खराब असू शकते, मग खुशाल साफ करा. फायरस्टॉर्ममधे इन्व्हेंटरीची कॅशे वेगळी साफ करता येते, सामान गायब वाटत असेल तर तेवढीच करा, टेक्श्चरला हात लावायची गरज नाही. साफ केल्यावर शांत जागी लॉगिन करा आणि सगळं उतरू द्या. अँटिव्हायरसमधे कॅशेचं फोल्डर वगळून ठेवा, नाहीतर तो प्रत्येक छोटी फाइल तपासत बसतो आणि उतरलेलं टेक्श्चरही उशिरा दिसतं. डीएनएस बदलायचा असेल तर तोही याच शेवटच्या टप्प्यावर, नेटवाल्याचा डीएनएस कधी कधी पत्ताच नीट शोधून देत नाही, गुगलचा ८.८.८.८ टाकून बघा.

आणि एवढं करून नाही झालं तर मला किंवा कोणालाही विचारताना नुसतं "अवतार येत नाही" एवढं लिहू नका. हेल्प मेनूत अबाउट उघडा, तिथे कॉपी करायचं बटण आहे, व्ह्यूअरचं व्हर्जन, ग्राफिक्स कार्ड, तुम्ही कुठल्या रिजनमधे आहात आणि पॅकेट लॉस किती, सगळं त्यात येतं. ते चिकटवा, सोबत ढग कोणाकोणाला दिसतोय ते लिहा, वायफाय का केबल ते लिहा आणि ढग व्हायच्या आधी शेवटचं काय घातलं होतं ते आठवत असेल तर तेही. मराठीत लिहिलं तरी चालेल.